काम विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई

घोरपडे मॅडमना घरी जेवायला बोलावणं हे धाडसाचं काम होतं. स्वयंपाकाचं काही नाही, ताटात काय पडलंय याकडे त्यांचं लक्षच नसे. भीती असायची ती त्यांच्या प्रश्नांची. आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी श्रीखंड वाढत होते आणि त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "काय निखिल, रात्री लघवीला उठावं लागतं का?" निखिलला पुरीचा ठसका लागला. माझा मुलगा, जो आमच्या मराठीला नेहमी इंग्लिशमधूनच उत्तर देतो, चमचा खाली ठेवून म्हणाला, "ममा, दॅट इज सो ग्रोस!" मॅडमनी त्याच्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "का रे, तू करत नाहीस?" पोरगं आधी लाल झालं आणि मग जे हसत सुटलं, ते हात धुवायला जाईपर्यंत हसतच होतं. त्या दिवसापासून घरात कुणी बाथरूममध्ये जास्त वेळ लावला, की तो बाहेरून "घोरपडे आँटीला कॉल करू का?" असं ओरडतो.

मी दातांची डॉक्टर, मूळची पुण्याची. अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलामध्ये आमचं पॉलिक्लिनिक आहे. तळमजल्यावर माझी खोली आणि समोर, मधे फक्त पाण्याचा कूलर, अशी डॉ. उज्ज्वला घोरपडे यांची. मूत्राशयाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर ओळखणं ही त्यांची खासियत. ऑपरेशनं त्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात करत आणि पेशंट इथे बघत. मुसफ्फा या औद्योगिक वस्तीतली वर्कशॉप्स आणि गोदामं हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मॅडमच्या दाराबाहेर एका खुर्चीवर कडक इस्त्रीचा बँकवाला, शेजारी कव्हरऑलमधला वेल्डर, त्याच्या शेजारी पायघोळ पांढरा कंदुरा घातलेले स्थानिक आजोबा, आणि तिघंही सारख्याच खाली माना घालून बसलेले. माझ्याकडे येणारी माणसं निदान गाल धरून येतात. मॅडमकडची सगळी रिसेप्शनवर "जरा पोटाचं आहे" असं सांगायची.

त्यात समोर बाई! दार उघडून आत गेलेला माणूस तसाच उलट्या पावली बाहेर येऊन "डॉक्टर कुठे आहेत?" असं विचारताना मी कितीदा पाहिलाय. मॅडमना याचं काही वाटत नसे. त्या मिरजेच्या. मिरजेत डॉक्टरांची वाण नाही, पण मुलीने युरॉलॉजी घ्यायचं म्हटल्यावर त्यांच्या सरांनीही कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "हे बायकांचं काम नव्हे," सर म्हणाले. "का सर, बायकांना मूत्राशय नसतं?" असं मॅडमनी विचारलं म्हणे. आणि मॅडमना सीट मिळाली. हा किस्सा त्या स्वतःच सांगत आणि स्वतःच आधी हसत.

उंच बांधा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, साडी असो की पंजाबी ड्रेस, पायात कायम धावायचे बूट. आवाज असा की त्यांच्या खोलीतलं माझ्या ड्रिलिंग मशीनवरूनही ऐकू यावं. गाडी इतकी वाईट चालवत, की अबुधाबीत त्यांनी स्वतःच ती विकून टाकली आणि "लोकांच्या जिवाची काळजी घ्यायची ना आपण?" म्हणत टॅक्सीने फिरू लागल्या. जेवण म्हणजे भाकरी आणि ठेचा, तेही उभ्याने. पण पेशंट समोर आला, की या दांडगट बाईंची चाल एकदम बदलायची. त्यांनी आपली खुर्ची मुद्दाम तिरकी लावून घेतली होती. खिडकीत तुळशीची कुंडी होती. प्रश्न विचारताना त्या पेशंटकडे बघतच नसत, तुळशीची वाळकी पानं खुडत बसत. "तोंडाकडे बघितलं की पुरुषमाणूस खोटं बोलतो. तुळशीशी बोलतोय असं वाटलं की खरं बोलतो," असा त्यांचा सिद्धांत. ती तुळस त्यामुळे कधी वाढलीच नाही.

आणि पहिला प्रश्न कधीच आजाराचा नसे. "काय काम करता?" हा पहिला. मग "आधी काय करत होता? त्याच्या आधी?" मला सुरुवातीला वाटलं, गप्पांची आवड असेल. मुतखड्याची तक्रार घेऊन एक कारकून आला होता. गल्फमध्ये येऊन त्याची हयात एसीत, कॉम्प्युटरसमोर गेलेली. मॅडम मागे मागे जात राहिल्या, तेव्हा निघालं की तरुणपणी तो इचलकरंजीत कपडा रंगवायच्या कारखान्यात होता, दिवसभर हात रंगात. मॅडमनी खड्याबरोबर त्याचं मूत्राशयही दुर्बिणीने तपासायला लावलं. तो वैतागला. त्याच्या सुदैवाने काही निघालं नाही, तरी मॅडमनी त्याला काय दिसलं तर लगेच यायचं ते बजावून ठेवलं. "काही रंगांतली रसायनं, सिगारेटचा धूर, सगळं रक्तातून गाळून शेवटी मूत्राशयात येऊन बसतं, शर्वरी," त्या मला भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "तिथे तासन् तास मुक्काम. आणि त्याचा हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी लागतो. म्हणून मी आजचं काम नाही विचारत, जुनं विचारते."

घाबरट पेशंटांवर त्या खेकसत, आणि बेफिकिरांवर त्याहून जास्त. पुण्याचे एक देशमुख, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ऑफिसने करून दिलेल्या तपासणीत त्यांचा पीएसए वाढलेला निघाला. ही प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी. देशमुखांनी इंटरनेटवर वाचायचं ते सगळं वाचलं, कॅनडातल्या मुलाला बोलावून घेतलं आणि बायकोला लॉकरची किल्ली कुठे असते ते सांगून टाकलं. मॅडमनी कागद बघितला आणि विचारलं, "तपासणीच्या आधी ताप आला होता? लघवीला जळजळ?" आला होता. इन्फेक्शन झालं होतं, गोळ्या चालू होत्या आणि गोळ्या चालू असतानाच साहेब पॅकेज वाया जाऊ नये म्हणून रक्त देऊन आले होते.

"देशमुख, हा पीएसए म्हणजे दारातलं कुत्रं," मॅडम म्हणाल्या. "चोर आला तरी भुंकतं, पोस्टमन आला तरी भुंकतं. भुंकलं की उठून बघायचं, लगेच बंदूक काढायची नाही." इन्फेक्शन पूर्ण बरं होऊन काही आठवडे गेल्यावर परत रक्त तपासलं, तर आकडा खाली आलेला. देशमुख आनंदाने पेढे घेऊन आले, तर त्यांना पेढ्यांसकट आत घेऊन मॅडमनी बोटाने करायची तपासणी केली. "कुत्रं गप्प आहे म्हणजे चोर नाहीच असं नव्हे," हे त्याचं कारण. बाहेर आलेल्या देशमुखांचा चेहरा मी बघितलाय. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी माझ्याच हातात दिला आणि झपाझप निघून गेले.

त्या बोटाच्या तपासणीबद्दलची लाज घालवायला मॅडम सगळ्यांना आधी स्वतःचाच हात दाबायला लावत. अंगठ्याच्या मुळाशी जो मऊ फुगवटा असतो तो दाबायचा. "अशी लागते चांगली प्रोस्टेट." मग बोटाचं पेर दाबायचं, टणक. "असं लागलं, की मी पुढचं बघते. एमआरआय, गरज पडली तर बायोप्सी. बस्स, इतकंच आहे त्यात." वेटिंग रूममध्ये चारपाच गृहस्थ आपापला अंगठा चाचपत बसलेले दिसले, की समजावं, मॅडमनी आज वर्ग घेतलाय.

लेकीकडे राहायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांच्या बायोप्सीत खरंच कॅन्सर निघाला, पण अगदी थोडा आणि संथ जातीचा. मॅडमनी ऑपरेशन करायचं नाही, ठरलेल्या वेळी तपासत राहायचं असं सांगितलं. मास्तरांच्या बायकोचा संताप झाला. "कॅन्सर आहे म्हणता आणि काढत नाही? मग डॉक्टर कशाला झालात?" मॅडम चक्क खाली बसल्या, काकूंच्या शेजारी. "काकू, सगळे कॅन्सर एका वयाचे आणि एका चालीचे नसतात. हा मास्तरांबरोबर म्हातारा होणारा आहे. तो चाल बदलतोय असं दिसलं, तर मी एक दिवस थांबणार नाही. पण आज काढायला गेले, तर फायद्यापेक्षा त्रास जास्त होईल." काकूंना ते पटायला दोन भेटी लागल्या. मास्तर अजून आहेत, आणि तिकडे गावी रोज फिरायला जातात असं लेक सांगते.

सावंतांची गोष्ट मात्र माझ्या खुर्चीत सुरू झाली. मोहन सावंत, संगमेश्वरकडचे, मुसफ्फात एका कंपनीत परांच्या उभारणाऱ्या टोळीचे फोरमन. पन्नाशी ओलांडलेला, काटक, विड्यांनी दात पिवळे पडलेला माणूस. दाढ काढायला आले होते. दाढ काढण्याआधी मी सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही विचारलं, "जखम झाली की रक्त पटकन थांबतं ना?"

"थांबतं की ओ," सावंत म्हणाले. "मागं लघवीतून आलेलं, तेपण दोन दिवसांत थांबलं. उन्हाळी लागलेली. साईटवर या उन्हात सगळ्यांनाच लागते. सब्जाचं पाणी घेतलं, खलास."

मी दाढ काढली, बोळा दाबून धरायला सांगितला आणि समोर जाऊन मॅडमना हे सांगितलं. त्यांच्या हातातली भाकरी डब्यात पडली. तशाच उठल्या आणि माझ्या खोलीत येऊन सावंतांपुढे उभ्या राहिल्या. "बोलू नका, तोंडात बोळा आहे. मान हलवा. लघवी लाल झाली तेव्हा दुखलं होतं?" सावंतांनी नाही म्हणून मान हलवली. "जळजळलं?" नाही. "विडी, सिगारेट?" हो. "मग ती उन्हाळी नव्हे. उन्हाळी जळजळते. न दुखता लाल झाली आणि आपोआप थांबली, तर मला भीती वाटते. कॅन्सर असू शकतो. उद्या सकाळी या."

सावंतांचे डोळे एवढे मोठे झाले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण गालात बोळा, ओठ बधिर. ते उठले, मला हात जोडले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. रिसेप्शनवरून फोन केला तर उचलेनात. त्यांच्याबरोबरचा एक जण दात दाखवायला आला, त्याच्याकडे निरोप दिला, तर सावंतांचंच उत्तर आलं: "आता बरा आहे. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मॅडमनी त्यानंतर दोन दिवस तुळशीलाही हात लावला नाही. मग मला म्हणाल्या, "मी गाढव आहे, शर्वरी. ज्याच्या तोंडात बोळा आहे त्याला मी कॅन्सर म्हटलं. त्याला एक शब्द विचारता आला नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याला मी त्याचं काम विचारलं नाही." मी म्हटलं, "काम माहितीय की, फोरमन आहे." "तुला माहितीय. मी विचारलं नाही ना!" आणि वर, "आत असेल तर ते थांबणार नाही गं त्याच्या मर्जीसाठी. आज वरवरचं असेल, सहा महिन्यांनी खोल गेलेलं असेल." त्यांना रडू येत होतं आणि ते त्या लपवत नव्हत्या.

तेवढ्यात गणपती आले. आमच्या मराठी मंडळींचा उत्सव रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये असतो. आरती झाल्यावर आणि मुलांच्या नाचाआधी मॅडमनी अध्यक्षांकडून माइक हिसकावून घेतला म्हटलं तरी चालेल. एका हातात कोकम सरबताचा ग्लास उंच धरला. "या रंगाची लघवी एकदाच झाली, न दुखता झाली, आपोआप थांबली, तरी डॉक्टरकडे जायचं. थांबली म्हणून तर जायचंच! दरवेळी कॅन्सर निघतो असं नाही, पण बघितल्याशिवाय कळत नाही. बायकांनीही. दरवेळी इन्फेक्शन म्हणून गोळ्या घेऊन बसू नका. गणपती बाप्पा!" "मोरया" थोडं चाचरतच आलं. त्या दिवशी कोकम सरबताचं अख्खं पातेलं उरलं, त्यावरून अध्यक्षीणबाई मॅडमशी पुढे बरेच दिवस बोलत नव्हत्या.

महाप्रसादाच्या टेबलामागे वाढायला सावंत होते. त्यांच्या टोळीतली माणसं दरवर्षी येतात, स्टेज आणि दिव्यांची चौकट तेच उभी करतात. माझ्याकडे कोशिंबीर होती. मॅडम सरळ टेबलाच्या मागे आल्या, आमटी वाढणाऱ्या माणसाच्या हातातली पळी घेतली आणि सावंतांच्या शेजारी उभ्या राहिल्या. सावंत भात वाढत होते. त्यांनी मॅडमना पाहिलं आणि मान आणखी खाली घातली.

"ती वरची दिव्यांची चौकट तुम्ही उभी केलीत म्हणे?" मॅडमनी आमटी वाढत समोर बघतच विचारलं.

"आमच्या माणसांनी."

"पडणार नाही ना कुणाच्या डोक्यात?"

एवढं मात्र सावंतांना सहन झालं नाही. "मी सोता चढून बघितलंय, मॅडम. माझा हिरवा टॅग लागल्याबिगर एक माणूस वर पाय ठेवीत नाही. साईटवरपण तसंच. रोज सकाळी मी वर जाणार, क्लॅम्प हलवून बघणार, मग हिरवा टॅग. शंका आली की लाल."

"शंका म्हणजे?"

"म्हणजे फळी हलली, पायाखाली कचकन् वाजलं, असं काही."

"आणि एकदाच हलली? नंतर दोन दिवस कुणी चढलं तरी हललीच नाही, तर?"

"एकदा हलली म्हणजे कुठंतरी ढिला क्लॅम्प आहे. आता हलत नाही म्हणून हिरवा लावला नि माणूस खाली आला, तर? तसं नाही चालत. लाल टॅग, आणि मी वर जाऊन बघणार."

"पण आता तर हलत नाही की, सावंत."

सावंतांच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. समोरचा माणूस ताट पुढे करून उभा. सावंतांनी पहिल्यांदा मॅडमकडे बघितलं. मॅडम आमटीच्या बादलीकडे बघत होत्या.

"मॅडम, तुम्ही मला बरोबर कोपऱ्यात घेतलंत."

"घेतलं. त्या दिवशी चुकलं माझं. तुम्हाला बोलायला तोंडच ठेवलं नव्हतं. आता बोला."

मग ते बोलले. भात वाढत वाढत, हळू आवाजात. काही निघालं तर कंपनी घरी पाठवील. लेक नर्सिंगला आहे, अजून शिक्षण पुरं व्हायचंय. गावात बातमी गेली तर तिचं लग्न कसं व्हायचं? आणि वडील असेच, हॉस्पिटलात गेले ते परत आलेच नाहीत. झाकली मूठ बरी. मॅडम आमटी वाढत ऐकत राहिल्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "कंपनी काय करील ते मला माहीत नाही, खोटं सांगणार नाही. त्यांच्याशी बोलायला मी येईन. पण मूठ झाकून ठेवली तर आत काय होईल, ते मला चांगलं माहितीय. लवकर सापडलं, तर यातली बहुतेक माणसं माझ्यासमोर चालत येतात नि चालत जातात. तुमची लेक उद्या नर्स होऊन पेशंटला काय सांगेल, ते तिला विचारा."

दोन दिवसांनी सावंत आले. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. लघवीच्या नमुन्यात शंकास्पद पेशी दिसल्या, सोनोग्राफीत एक लहानसा उंचवटा दिसला आणि दुर्बिणीने बघितल्यावर शंका राहिली नाही. मॅडमनी हॉस्पिटलात नेऊन दुर्बिणीतूनच ती गाठ खरवडून काढली. पोटावर एक ओरखडा नाही. पण ती किती खोल गेली आहे, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्याशिवाय कळणार नव्हतं. सगळं त्यावर होतं. त्या आठवड्यात मॅडमनी क्लिनिकमधला फ्रिज रिकामा करून धुतला, औषधांचं कपाट लावलं, आणि नको नको म्हणताना माझी अवजारंही आवरून ठेवली. मला अजून एक चिमटा सापडत नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी सावंत खोलीत बसले होते आणि दार उघडंच होतं. मॅडमनी कागद वाचला. खुर्ची सरळ केली. "वीट आणि गिलावा माहितीय ना तुम्हाला? ते गिलाव्यापर्यंत आहे, विटेत शिरलेलं नाही. जात जरा तापट आहे, म्हणून औषध सोडावं लागेल. क्षयाची लस असते, तीच मूत्राशयात सोडायची. पण मूत्राशय वाचलं. आता तुम्ही विचारा, मी गप्प बसते." सावंतांना इतक्या दिवसांचे सगळे प्रश्न होते, पण पहिला निघाला तो असा: "लेकीला सांगू?" मॅडम म्हणाल्या, "आत्ता लावा फोन. इथूनच." माझ्या खोलीत पेशंट आ वासून बसला होता आणि मी दारात उभी राहून डोळे पुसत होते. मॅडम बोलल्याप्रमाणे कंपनीत जाऊन आल्या. काय बोलल्या ते सांगितलं नाही, पण सावंतांना काही महिने स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं. विड्यांचं बंडल त्यांनी स्वतः मॅडमच्या टेबलावर आणून ठेवलं.

दर आठवड्याला औषध, मग ठरावीक महिन्यांनी दुर्बीण. एकदा आत पुन्हा एक ठिपका दिसला. सावंत खचले, मॅडम नाही. "म्हणूनच बोलावते मी. हा पुन्हा पुन्हा डोकावणारा आजार आहे. तो डोकावेल तेव्हा आपण तिथे असायला पाहिजे, एवढंच." तोही काढला. त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. लेक नर्स झाली आणि रत्नागिरीत नोकरीला लागली. पहिल्या पगारातून तिने पाठवलेली साडी मॅडम आठवड्यातून दोनदा नेसत, खाली तेच धावायचे बूट.

मग मॅडमनी परत जायचं ठरवलं. मिरजेला, स्वतःच्या घरी, जमेल तेवढी प्रॅक्टिस करायला. त्यांच्या जागी केरळचे डॉ. थॉमस आले, तरुण, हुशार, हिंदी मोडकंतोडकं. शेवटच्या दिवशी मॅडमनी सावंतांना मुद्दाम बोलावलं होतं. तपासणी दोनच दिवसांपूर्वी झाली होती, स्वच्छ.

"म्हणजे खलास ना आता, मॅडम?"

"खलास नाही. तीन महिन्यांनी यायचं. डॉ. थॉमस बघतील."

सावंतांचं तोंड उतरलं. "नवीन माणसाकडं नाही जायचा मी. मी सुट्टीवर गावी आलो की मिरजेला येऊन तुम्हालाच दाखवीन."

"वर्षातून एकदा? आणि मधे?"

"मधे काही वाटलं तर फोन करीन."

"वाटलं तर?" मॅडमचा आवाज इतका चढला की रिसेप्शनवरची मुलगी उठून उभी राहिली. "सावंत, तुम्हाला तेव्हा काही वाटलं होतं का? वाटत नाही, हीच तर भानगड आहे याची!" मग एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी गेले आणि तुम्ही यायचे थांबलात, तर मी इथे काहीच केलं नाही असं होईल. माझ्यासाठी येत होता का तुम्ही?" मॅडमनी त्यांचा दंड धरला, त्यांना कॉरिडॉरमधून नेलं आणि डॉ. थॉमसच्या खोलीत बसवलं. "डॉक्टर, हे सावंत," एवढंच सांगून बाहेर आल्या आणि दार लावून घेतलं.

पण तिथून हलल्या नाहीत. खांद्याला पर्स, बाहेर विमानतळावर न्यायला आलेली टॅक्सी, आणि बाई बंद दारासमोर उभ्या. मी त्यांच्या मागोमाग येऊन शेजारी थांबले होते. आत डॉ. थॉमसनी हळू आवाजात काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. मॅडमचा हात दाराच्या मुठीवर गेला. मी तो धरला. "असू दे, मॅडम," मी म्हटलं.

मग सावंतांचा आवाज आला. साईटवर नव्या माणसाला काम समजावून सांगावं, तसा, स्वच्छ आणि सावकाश.

"साब, पहले मेरा सुन लो. मेरे को एक बार लाल आया था. दर्द कुछ नहीं. अपने आप रुक गया, तो मैं समझा गर्मी है. गर्मी नहीं था, कॅन्सर था. ऊपर ऊपर था, मॅडम ने निकाला. एक बार फिर आया, फिर निकाला. अभी साफ है. तो आप ऐसा करना साब, मैं आके बोलेगा सब ठीक है. मैं बोलेगा तो भी मानना नहीं. अंदर देखना."

मॅडमनी मुठीवरचा हात काढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

"एक शब्द चुकला नाही बघ त्याचा," त्या मला म्हणाल्या, आणि पर्स सावरत टॅक्सीकडे निघाल्या.